चिंचेत टाकलेली पोत

भागीरथाकाकूच्या सेटला कुणी ‘नकली’ म्हटलं की मी आजही भांडते. नकली ते, जे खऱ्याचं सोंग घेऊन फसवतं. काकूनं तो सेट खरा म्हणून कधीच कुणाच्या गळ्यात घातला नाही.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालानंतर आमच्या फुलसावंगीत घराघरातलं सोनं गुपचूप गेलं. कुणी मोडलं, कुणी गहाण टाकलं. लग्नं मात्र थांबली नाहीत. काकूनं तेव्हा लेकीच्या लग्नासाठी पुसदहून एक ग्रॅमचा सेट आणला होता, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेला. पोत, टॉप्स, बिंदी, पाटल्या. लेकीचं लग्न झाल्यावर तो शेजारच्या नवरीनं मागितला, मग तिच्या मावसबहिणीनं. होता होता तो साऱ्या गल्लीचा झाला.

काकू गावची ठरलेली पाठराखीण. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत जाऊन राहणारी, तिची बाजू सांभाळणारी बाई. सेट नवरीसोबत जायचा आणि काकूसोबत परत यायचा.

त्याची देखभाल ती तान्ह्या लेकरासारखी करायची. जुन्या धोतराच्या मऊ कापडाच्या पिशव्या शिवलेल्या, दागिन्यागणिक वेगळी, म्हणजे एकमेकांवर घासायला नको. डब्यात खडूचा तुकडा, दमटपणा ओढून घ्यायला. दागिना अंगावरून उतरला की आधी कोरड्या कापडानं टिपायचा. फारच मळला तर कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू, त्यात भिजवून पिळलेलं कापड हलक्या हातानं फिरवायचं आणि लगेच सावलीत सुकवायचं. ब्रश नाही, राख नाही, चिंच-लिंबू तर मुळीच नाही.

“आधी पावडर, आधी सेंट, मंग माहा सेट,” ती प्रत्येक नवरीला बजावायची. “अन् घाम आला तं मले हाक मार. पदरानं पुसू नको, पदराची जर घासते त्याले.”

माझ्या बहिणीच्या, प्रेरणाच्या लग्नाच्या बैठकीत आमच्या बाबांनी, पुंडलिकरावांनी, सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं होतं, “मंगळसूत्राचे मणी सोन्याचे राहतीन. बाकी सेट गावचा आहे, एक ग्रॅमचा. पाठराखीण वापस आणीन.” मुलाचे वडील सदाशिवराव दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. ते म्हणाले, “चालते जी, कोणाघरी राह्यलं आता?” त्यांच्या पत्नी गिरजाबाई दाराशीच बसल्या होत्या. त्यांनीही मान हलवली.

लग्न झालं. पाठराखीण काकू आणि करवली मी, अशा दोघी प्रेरणासोबत दिग्रसला गेलो. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. सकाळी प्रेरणा न्हाणीत, काकू मागच्या अंगणात फुलं तोडत होती, मी हार ओवत होते. तेवढ्यात समोरच्या खोलीतून गिरजाबाईंचा आवाज आला.

“पाहा वो बाया, पाहा! रंगच उतरला! फसवलं आमाले!”

आम्ही धावलो. पूजेला आलेल्या शेजारणी गोल करून उभ्या होत्या. मधे परात. परातीत चिंचेचा कोळ, मीठ, दात घासायचा जुना ब्रश, समई, आणि काकूची पोत. जागोजाग मुलामा गेलेला, खालचं तांबं उघडं पडलेलं. न विचारता डबा उघडून गिरजाबाईंनी समईसोबत पोतही घासायला घेतली होती.

मी तेव्हा आयटीआयत मुलामा चढवण्याचंच काम शिकत होते. चिंच सोन्याला खात नाही. पण मुलाम्याचा थर कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ. मीठ आणि ब्रश त्याला खरवडतात, मग आंबट पाणी खालच्या धातूला भिडतं. ज्या बाईनं बैठकीत मान हलवली, तिनं ती पोत चिंचेत का घातली असेल? चूक होती असं त्या अजून म्हणतात. चूक झाली तर माणूस चुकचुकतो. शेजारणींना बोलावून ‘फसवलं’ म्हणत नाही.

“अशा घरची पोरगी आणली आमी,” गिरजाबाई म्हणत होत्या. “दाखवाचं एक अन् निघाचं एक. आता पोरगी तरी कशी निघते काय मालूम!”

तेवढ्यात प्रेरणा ओल्या केसांनी दारात येऊन उभी राहिली. तिनं ते शेवटचं वाक्य ऐकलं. पुढं आयुष्यभर तिला ज्या घरात भाकरी थापायच्या होत्या, त्या घरात पहिल्याच सकाळी तिच्यावर हा शिक्का बसत होता.

काकूनं परातीतून पोत काढली, पदराखालचं मऊ कापड घेऊन टिपली. मग ती विहीणबाईंकडं, गिरजाबाईंकडं वळली.

“ईनबाई, समई घासली, सुनेची पोत घासली. पूजा तं तुमच्याच घरची आहे. तुमच्या गळ्यातली काहून नाही टाकली चिंचेत?”

गिरजाबाईंचा हात गळ्याशी गेला. पदर वर ओढला गेला.

एक शेजारीण हसली. “टाका न वो गिरजाबाई. चमकून निघीन!”

“माही... माही कालच धुतली.”

आदल्या संध्याकाळी काकूनं मला न्हाणीपाशी हळूच म्हटलं होतं, “ईनबाईच्या गळ्यावर हिरवी रेघ पाह्यली का? घाम पुसत नाई बाई. पोत खराब करून राह्यली.” तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळलं. खरं सोनं मान हिरवी करत नाही. त्या बोंडअळीच्या साली मुनिमाच्या घरातूनही सोनं गेलंच होतं.

मला वाटलं, काकू आता ओढेल तो पदर. ओढावा, असंच मला वाटत होतं. खोलीभर बाया वाट पाहत होत्या. काकूनं दाराकडं, प्रेरणाकडं पाहिलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुमच्या पोतीशी मले काही घेणं नाई. पण या पोरीले जे बोलल्या, ते वापस घ्या. ह्याच बायांपुढं. आत्ता.”

“आवो, सहज बोलली मी...”

“सहज कायले? बैठकीत सांगतलं होतं का नाई?”

गिरजाबाई परातीकडं पाहत पुटपुटल्या, “सांगतलं होतं.”

“आयकू नाई आलं.”

“सांगतलं होतं त्याईनं! एक ग्रॅमचा आहे म्हणून. पोरीचा काही दोष नाई.”

काकूनं तीच डागाळलेली पोत प्रेरणाच्या गळ्यात घातली. “पूजेले हेच घाल माय. मान खाली घालू नको.” प्रेरणा तशीच पूजेला बसली. तांबं दिसत होतं. तिनं ते झाकलं नाही.

परतीच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन काकू खिडकीशी बसली होती. पुसद आल्यावर एकदम म्हणाली, “प्रेरणाले फोन कर. तिले म्हण, सासूले सांग, झोपताना पोत काढत जा, कोरड्या कपड्यानं पुसत जा. नाई तं पावसाळ्यात काळी पडीन.”

“काकू! त्या बाईले सांगू?”

“पोत कोणाचीही असो, खराब कायले होऊ द्याची? पण मी सांगतलं म्हणू नको.”

मी फोन केला. सगळं नीट सांगितलं, खडूच्या तुकड्यासकट. आणि शेवटी म्हटलं, हे भागीरथाकाकूनं सांगितलंय, तिचं नाव घेऊनच सासूला सांग. काकूनं ओळखूनही झाकलं, हे त्या बाईला कळायला हवं होतं.