मामाचं घर चालत नाही

वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या भत्त्याच्या अर्जात 'सध्या राहण्याचे ठिकाण' असा रकाना होता. मी सरळ लिहिलं, मामांकडे, जळगाव. खरं सांगायला कसली भीती?

खिडकीवरच्या बाईंनी वाचलं आणि अर्ज परत सरकवला. "नातेवाइकांकडे राहणाऱ्यांना भत्ता नाही. भाड्याच्या खोलीचा करार आणा."

आता आली का पंचाईत! आमचं गाव धुळ्याकडचं. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून तर मामांकडे राहत होते. भत्ता नाही मिळाला तर कॉलेज बंद, हे वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं. मार्क होते, उत्पन्नाचा दाखला होता, जातीचा होता. फक्त कुणीतरी मायेनं ठेवून घेतलं होतं, तेवढंच नडलं.

करार झाला की मी भाडेकरू, मग नातं कोण विचारतंय, असा माझा हिशेब. मामांना म्हटलं, "तुम्हीच द्या ना भाड्याचा करार करून."

हातातला घास ताटात ठेवून मामा ओरडले, "भाचीकडथीन भाडं लिसू का मी? लोके काय म्हनतीन!"

मामी म्हणाली, नुसतं कागदावर घ्या. तर कागदावरचं पाप लागत नाही का, असं त्यांनी तिलाच विचारलं.

दोन दिवस गेले. मग मामांनीच गल्लीत समोरच्या घरी खोली ठरवली, करार करून घेतला आणि माझी गादी स्वतः खांद्यावर टाकून तिकडे नेली. जेवण मामीकडेच. मग मी नक्की गेले कुठे? भत्त्यातला मोठा वाटा भाड्यात जाणार, आणि भाडं भरायचं भत्त्यासाठी. हे गणित मी पुन्हा पुन्हा मांडलं, डोकं पार भंजाळून गेलं.

बाईंनी करार पाहिला. "आता बसता तुम्ही नियमात." मला आनंद झाला आणि रडूही आलं. कशाचं, ते उमजेना.

त्या संध्याकाळी अभ्यासात जेवायला जायचं राहून गेलं, तर मामाच शेवभाजी-भाकरीचा डबा घेऊन आले. दार उघडंच होतं. तरी ते बाहेर थांबले, चपला काढल्या आणि हळूच विचारलं, "मझार येऊ का, माय?"

असं त्यांनी मला आजवर कधी विचारलं नव्हतं. मी गडबडून उठले आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "या ना, बसा."