तीन हिरवे खडे

इतकी वर्षं उलटली, पण एका शिक्षिकेच्या घरी घेतलेली ती झडती मनातून जात नाही. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकला फौजदार होतो. घोटीकडच्या एका खेड्यात देवीचा पाचू जडवलेला मुकुट चोरीला गेला होता आणि सराफ बाजारात आमची रोज विचारपूस चालू होती.

एका सकाळी मण्यांना भोकं पाडून देणारा एक कारागीर स्वतःहून ठाण्यात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. एक मास्तरीणबाई आहेत. बाजारात सुकट विकणारीकडून रंगीत खडे घेतात. घराची झडती घ्या, हिरवे खडे सापडतील."

आठवडे बाजारात साध्या वेशातले दोन शिपाई लावले. खबर खरी निघाली. डहाणूकडून येणाऱ्या कोळणीने टोपलीखालून बिस्किटांचा डबा काढला. बाई एकेक तुकडा उन्हात धरून निवडत होत्या. कोळणीला ठाण्यात आणलं.

"दर्यानं टाकलेल्या काचा हायत, साहेब. आमच्या पोरी येचतात."

मी हसलो. पैसे देऊन फुटकी काच कोण घेतं?

दुपारी दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन बाईंच्या घरी गेलो. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई. चाळीतले सगळे शेजारी दारात येऊन उभे राहिले. टेबलावर स्टीलच्या ताटल्यांत रंगांप्रमाणे तुकडे लावून ठेवलेले होते.

"बाटल्यांच्या काचा आहेत," बाई म्हणाल्या. "लाटांत घासून अशा होतात. मी त्यांच्या माळा करते."

कोपऱ्यातल्या वाटीत तीन हिरवे खडे वेगळे होते. ते चमकत होते.

"आणि हे? हेही समुद्रानंच दिले का?" मी बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

"नाही. ते माझे नाहीत."

चोराचं नेहमीचं उत्तर, असं मला वाटलं. पंचनामा केला आणि बाईंना जीपमध्ये बसवलं. आई अनवाणीच रस्त्यापर्यंत आली.

सराफाने खडे पाहून खरे पाचू असल्याचं सांगितलं. मी जबाब घ्यायला बसलो. बाईंचं उत्तर सरळ होतं. एक काच आणि एक खडा माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "बोट फिरवून बघा. समुद्र काचेला धार ठेवत नाही. याला कोपरे आहेत. भोकं पाडून आलेल्या काचांच्या पुडीत हे निघाले. दुसऱ्या कुणाचे चुकून आले असतील, म्हणून परत द्यायला बाजूला ठेवले."

"पुडी कुणाकडे दिली होती?"

त्यांनी दुकान सांगितलं. ते त्या कारागिराचंच होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाई रंगीत खडे घेतात म्हणणाऱ्याला घरात हिरवेच सापडतील हे कसं ठाऊक होतं? तासाभरात त्याच्या दुकानाची झडती घेतली. लाखेच्या डब्यात बाकीचे पाचू निघाले. चोरीचा माल त्याने घेतला होता. बाजारातल्या चौकशीने तो घाबरला आणि तीन खडे बाईंच्या गळ्यात मारून मोकळा होऊ पाहत होता. त्याच्या जबाबावरून पुढे मूळ चोरही हाती लागले.

वरिष्ठांनी शाबासकी दिली. कोळणीला सोडून दिलं. बाईंना सोडताना मी दिलगिरी व्यक्त केली. त्या म्हणाल्या, "मला नका सांगू, साहेब. मी चोर नाही हे मला माहीत आहे. शेजाऱ्यांना सांगा."

असं करण्याचा नियम कुठे नव्हता, त्यामुळे मी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी गणवेशात त्या चाळीसमोर उभा राहिलो आणि बाई निर्दोष असल्याचं मोठ्याने सांगितलं. झडतीला सगळे दारात आले होते. त्या दिवशी दोनच दारं उघडली.

त्यानंतर कुणीही खबर आणली, की आधी त्याला खुर्चीत बसवून मी एकच विचारत असे, "तुला हे कसं कळलं?" मग जीप बाहेर काढत असे.