टेबलाखालची हिरवी पिन

धुळ्याहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं टेबलाखाली असू नये, हे मला मान्य आहे. पण फरशी पुसताना कामवालीच्या हातून मागची वायर ओढली गेली होती आणि माझं सकाळचं कीर्तन मुकं झालं होतं. बुवा नुसतेच हातवारे करत होते. एका हातात स्पीकरची हिरवी पिन, दुसऱ्या हातात मोबाइल, अशा अवस्थेत मी "हां, बोल रे संजय" म्हटलं. तो म्हणाला, "काकू, अक्का गेली. झोपेतच गेली." मी उठायला गेले ते डोकं टेबलाला आपटलं. मग तिथेच फरशीवर बसून रडले. डोक्याला लागलं म्हणून रडतेय की अक्का गेली म्हणून, हे मलाच कळेना... खरं तर तिसरंच कारण होतं. माझ्या हातात ती हिरवी पिन होती. तिचं आणि माझं एक जुनं कारस्थान आहे आणि ते अक्कापासून मी मरेपर्यंत लपवलं. ती मरेपर्यंत, म्हणायला हवं. आज सहा आठवडे झाले. आता सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन धुळ्याच्या घरात आले तेव्हा ती दोन मुलांची आई होती आणि मी मॅट्रिकच्या सर्टिफिकेटची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. खापरावरचे मांडे मात्र ती असे हातावर फिरवून टाकायची की पाहणाऱ्यानं श्वास धरावा. आणि गायची. लग्नघरात हळद दळायला बायका जात्याभोवती बसल्या की पहिला सूर तिचा. आमच्याकडे ते गाणं तिच्या आईकडून आलेलं, अहिराणीतलं. त्यात घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून नाव घेऊन मांडवात बोलवायचं. आजेसासरे, सासूबाई, लहानपणी गेलेला दीर... सगळ्यांना वाट दाखवत, रुसव्याची समजूत काढत ती बोलवायची. पोरंसोरं दाराकडे बघायला लागायची, खरंच कोणी येतंय की काय म्हणून.

पुढे यांची नोकरी जळगावला लागली आणि आम्ही इकडे आलो. मी शाळेच्या कचेरीत कारकून झाले आणि माझी जीभ बदलली. माझं माहेर अमळनेरकडचं खेडं, घरात बठ्ठा, म्हणजे सगळा, कारभार अहिराणीत. पण कचेरीत बसल्यावर मी अशी काही शुद्ध मराठी बोलायला लागले की मुख्याध्यापकही दचकायचे. गावाकडून कोणी आलं की मी दार लोटून घ्यायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. आज त्या कचेरीतल्या निर्मलाबाई, म्हणजे तेव्हाची मी, मला भेटल्या तर मी त्यांची वेणी ओढीन. नव्हे, ओढून तशीच धरून ठेवीन.

माझ्या लेकीचं, सीमाचं, लग्न ठरलं पुण्याच्या घरात. माणसं चांगली होती, पण चांगल्या माणसांचीच मला भीती. त्यांनी आम्हाला अडाणी म्हणू नये म्हणून मी पत्रिकेपासून पानापर्यंत सगळं तपासत होते. हळदीच्या दिवशी अक्का धुळ्याहून आली, जात्यापाशी बसली आणि गायली. मी ऐकलं का? नाही. मी व्याह्यांच्या चहात साखर किती, या काळजीत होते. पंधरा दिवसांनी शूटिंगवाल्यानं कॅसेट तयार करण्याआधी मला दाखवायला बोलावलं. पडद्यावर अक्का दिसली. नऊवारीचा काष्टा, कपाळावर हळद, तोंड मोठं उघडलेलं. मी चारच शब्द ऐकले असतील. म्हटलं, "भाऊ, एवढ्या भागाचा आवाज काढून टाका. पुण्याला जायची आहे कॅसेट. फार गावठी वाटतं." तो बिचारा म्हणाला, "ताई, चांगलं गायलंय की!" मी म्हटलं, "तिथे सनई टाका." त्यानं आवाज काढला. सनई टाकायला विसरला. सात मिनिटं अक्का नुसती तोंड उघडमीट करतेय, आणि मग एकदम धडाधड मंगलाष्टकं. मला वाटलं, राहू दे. कोण बघतंय!

बघणारी अक्काच निघाली. काही वर्षांनी तिच्या गळ्यात गाठ झाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. म्हणजे बोलायची, पण घशातून चाळण फिरवल्यासारखी. सूर धरायला गेली की तुटायचा. दर उन्हाळ्यात ती आठ-पंधरा दिवस जळगावला माझ्याकडे येत असे. ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "निर्मला, सीमानं लगीन दाखाड ना माले." तोवर कॅसेटची सीडी झाली होती, सीडी कॉम्प्युटरमध्ये गेली होती आणि मी कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स करून आळीत तज्ज्ञ म्हणून मिरवत होते. मी तिच्यासाठी स्टुलावर गोधडी घातली, व्हिडिओ लावला. हळदीचा भाग आला. पडद्यावरची अक्का गायला लागली, स्टुलावरची अक्का पुढे झुकली...

"आवाज कथा गया वं?"

आवाज कुठे गेला, हे मी इथे खरं सांगू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. पण तज्ज्ञ बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "वायर ढिली असेल." आणि टेबलाखाली शिरल्या. मागची हिरवी पिन धरून हलवत बसल्या. सात मिनिटं होत आली, मंगलाष्टकं सुरू झाली, तशा खालून ओरडल्या, "बसली बघा!" अक्का टाळी वाजवून हसली. मग म्हणाली, "मांगे ले थोडं." मागे घेतलं. पुन्हा मुकं. मी पुन्हा खाली.

ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही येतं. पण पुढचे तीन-चार उन्हाळे मी हेच करत होते. एका वर्षी सीडीला चरा आहे म्हटलं आणि तिच्यासमोर ती कापसानं पुसली. एका वर्षी म्हटलं, हा प्लेअर जुना झालाय, दुसरा टाकून बघू. टाकलाही. कोपऱ्यातलं स्पीकरचं चित्र दाबून दाखवलं, आवाजाची पट्टी वरपर्यंत ओढली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. जेवढे उपाय कोर्सात शिकवले होते ते सगळे मी निरोगी मशीनवर केले. आणि अक्का दर वेळी तितक्याच आशेनं गोधडीवर बसायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अक्का, एवढं काय त्या गाण्याचं? तुम्हाला पाठ आहे ना!" ती तिच्या चाळणीच्या आवाजात म्हणाली, "पाठ शे. पन गावाले येस नही. वैशूले शिकाडनं शे. मना आवाज आते तठेच शे, बाई." वैशू म्हणजे संजयची मुलगी, तिची नात. पोरीच्या लग्नाआधी तिला ते गाणं चालीसकट द्यायचं होतं, आणि चाल तिच्या गळ्यातून गेली होती. उरली होती ती त्या सात मिनिटांत. तिथे उरलीय असं तिला वाटत होतं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, एवढं म्हणून स्वतःला थोडं चांगलं दाखवलं असतं. पण जेवले मी. वरण-बट्टी होती. दुसऱ्या दिवशी मात्र शूटिंगवाल्याच्या दुकानी गेले. तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. त्याला घरी जाऊन गाठला. तो म्हणाला, "ताई, मूळ कॅसेटवर आम्ही पुढचं लग्न घ्यायचो. एकेका कॅसेटवर चार-चार लग्नं." म्हणजे अक्काच्या आवाजावर कुठल्यातरी अनोळखी वरातीचा बँड वाजला होता. मी घरी आले. अक्का भरताची वांगी भाजत होती. "कथा गयथी?" म्हणाली. मी म्हटलं, "भाजीला." हातात पिशवीसुद्धा नव्हती माझ्या.

यानंतरच्या उन्हाळ्यात ती आली ती मांडीवर खोकं घेऊन. धुळ्याहून एसटीत, खिडकीतल्या झळा खात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं खोकं तिनं कोणाला हातही लावू दिला नव्हता. आत नवे स्पीकर. काळे, दोन, वीतभर उंचीचे. माझा चेहरा पडला. म्हटलं, "अक्का, हे कशाला!" तिनं एकावरचं गोल बटण बोटानं फिरवून दाखवलं. "येनं बटन पुढे शे. तुले आते वाकानं काम नही." मी ते जोडले. तिनं बटण स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत फिरवलं. मला वाटलं, आता ती हळदीचा भाग लाव म्हणेल. ती म्हणाली, "तुनं कीर्तन लाव." त्या वर्षी तिनं सीमाचं लग्न मागितलंच नाही. त्यानंतरही कधी मागितलं नाही. आणि मी, अक्कल विकून खाल्लेली बाई, मनात म्हणाले... सुटले.

बाराव्याला धुळ्याला गेले. स्वयंपाकघरात वैशू आणि मी डाळ निवडत बसलो होतो. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "वैशू, तुझ्या आजीला एक गोष्ट सांगायची राहून गेली माझी. त्या व्हिडिओतला आवाज..."

"तो तुम्हीच काढायला लावला होता ना, जळगावची आजी?" ती डाळीतून मान वर न करता म्हणाली. मग सांगायला लागली. सीमानं एका दिवाळीला पेन ड्राइव्हवर तिला तो व्हिडिओ दिला होता. वैशूनं आपल्या लॅपटॉपवर लावला, दोनदा-तीनदा पाहिला आणि आजीला सांगितलं की ह्यात बिघाड काही नाही, ह्या तुकड्याचा आवाज कोणीतरी मुद्दाम काढलाय. तेव्हा पुण्याच्या माणसांची धास्ती कोणाला होती, हे समजायला अक्काला लिहिता-वाचता यायची गरज नव्हती. मग नातीला म्हणाली, "निर्मलाले काही सांगू नको. टेबलखाले वाकी वाकी दमी गयी बिचारी."

"त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिनं माझ्याकडून स्पीकर आणवले," वैशू म्हणाली. "पुढे बटण असलेलेच पाहिजेत म्हणून दोन दुकानं फिरवलं मला."

माझ्या हातातली डाळ तशीच राहिली. मी विचारलं, "आणि गाणं? ते गेलंच का?" तर पोरगी हसली. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी हसली. म्हणाली, "नाही हो. आजी रोज दुपारी तो मुका तुकडा लावायला सांगायची. स्वतःच्या तोंडाकडे बघायची. ओठ कसे हलतायत, मान कुठे झुकतेय, हात जात्याला कधी ओढ देतोय, त्यावरून लय धरायची आणि मला ती खर्जात म्हणून दाखवायची. चुकलं की पुन्हा मागे घ्यायला लावायची. दीड वर्ष लागलं. येतंय मला." मग जरा थांबून म्हणाली, "त्यात तुमच्या आईचं पण नाव आहे, माहिताय ना?"

मला माहीत नव्हतं. माझी आई, भिमा, सीमाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली होती. घरातल्या माणसांच्या रांगेत सुनेच्या माहेरचं नाव घ्यायची रीत नाही. अक्कानं घेतलं होतं. अमळनेरच्या वाटेनं ये, नातीची हळद तुझ्यावाचून अडलीय, असं काहीसं. माझ्या मांडवात, माझ्या आईला, माझ्या भाषेत ती बोलवत होती. आणि मी तिकडे चहात साखर मोजत होते, आणि पंधरा दिवसांनी म्हणाले की गावठी वाटतं...

वैशूला मी म्हटलं, म्हणून दाखव. ती म्हणाली, "सुतकात हळदीचं गाणं नको. माझ्या लग्नात ऐका. आता आजीचं नावही त्यात घालायचंय." मी पुन्हा डाळ निवडायला लागले. मागे सात मिनिटं फुकट घालवली होती, आता थांबायची माझी पाळी.

अक्काला मी काहीच सांगितलं नाही, आणि आता तुम्हा सगळ्यांना सांगते आहे. ह्यात शौर्य काही नाही, हे मला कळतं. जिच्यापुढे मान खाली घालायची तिच्यापुढे मी फक्त वाकले, तेही टेबलाखाली.

स्पीकर आहेत. त्या सकाळी हातातली पिन मी नंतर जागेवर बसवली. बटण अक्कानं फिरवलं होतं तिथेच, शेवटाला आहे. इतके दिवस मी कीर्तनाचा आवाज कॉम्प्युटरच्या पट्टीवरून कमी करत आले, त्या बटणाला हात लावला नाही. आता दुपारी स्टुलावर बसते. गोधडी तीच आहे. हळदीचा भाग लावते. खोली गप्प होते आणि माझा हात अजूनही आपसूक टेबलाखाली जातो, वायर चाचपायला. मग मी तो ओढून मांडीवर ठेवते आणि अक्काच्या तोंडाकडे बघते. तिसऱ्या मिनिटाच्या जरा पुढे ती मान डावीकडे करते, दाराकडे बघते, आणि तिचे ओठ दोनदा मिटतात.

भि... मा.

मी मागे घेते. पुन्हा बघते.