आत्याने गटारात ओतलेली डाळ

राहवत नाही, म्हणून लिहिते. तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला?

गेल्या आठवड्यात वडील गेले. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, भाऊबंदांनी जेवण आणायचं असतं. आमचे भाऊबंद स्मशानातून परस्पर आपापल्या घरी गेले.

जेवण आणलं शेजारच्या मार्थाबाईंनी. त्या नवापूरकडच्या, ख्रिस्ती. त्यांच्या चर्चमधल्या बाया रोज आळीपाळीने डाळ-भाकरी आणतात आणि आईजवळ बसतात. प्रार्थना करायची तर आधी विचारतात. आईने पहिला घास त्यांच्याच हातचा घेतला.

आज आत्या भेटायला आली, वडिलांची सख्खी बहीण. 'वहिनी, कशी शे?' एवढंही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि नाकाला पदर लावून मार्थाबाईंचा डबा उघडला.

"त्यासना हातनं खादं तुम्हीन? आते ह्या घरनं पानी बी पेवाव नही मी!"

आणि गरम डाळ गटारात ओतली. भाकरी कुत्र्यापुढे टाकली. मला इतकी किळस आली! डाळीची नाही, तिची.

शिवाय जाता जाता म्हणते कशी, "गंधमुक्तीले बुंदी कराज्यात, नहीतर लोके नावं ठेवतीन."

पाणी चालत नाही, पण गंधमुक्तीची, म्हणजे तेराव्याची बुंदी चालते बाईला!

आईने रिकामा डबा उचलला, घासूनपुसून माझ्या हातात दिला.

"मार्थाबाईले सांग, गंधमुक्तीले पहिली पंगत त्यासनी."

पहिली पंगत भाऊबंदांचीच, असं म्हणतात. मग सांगा, आईचं काय चुकलं?