पुढच्या चाकाची रिंग

आमच्या दोघांच्या सायकली एकाच दिवशी घेतलेल्या. कल्याणहून टेम्पोत टाकून शहापूरला आणल्या तेव्हा दोन्ही सारख्याच चकचकीत होत्या. लांबच्या प्रवासाच्या, हलक्या, ॲल्युमिनियमच्या रिंगांच्या. काही वर्षांनी ह्यांच्या सायकलच्या रिंगा जवळपास तशाच होत्या आणि माझ्या झिजून गेल्या होत्या. रिंग म्हणजे टायर जिच्यात बसतो ती धातूची गोल कड. ब्रेकचं रबर तिलाच दोन्ही बाजूंनी आवळतं. माझ्या पुढच्या रिंगेवरून नख फिरवलं तर चक्क खळगा लागायचा.

बाजारातल्या सायकलवाल्या काकांनी चाक फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, तुमी उतारावर ब्रेक सोडताच नाय काय?"

नाही सोडत. मी मुळात भित्री आहे, ते आधीच सांगून टाकते. म्हशीला भिते, विजेला भिते, आडाच्या काठाला तर जातच नाही. उतार दिसला की माझी बोटं आपोआप आवळतात. ह्यांचं नेमकं उलट. उतार लागला की हे पाय स्थिर ठेवायचे, शर्ट फुगायचा, आणि मला मागे टाकून पार दिसेनासे व्हायचे. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे नियम असायचा.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," हे काकांसमोरच म्हणाले, "आणि हिचा ब्रह्मराक्षस रिंगा खातो."

काका हसले नाहीत. "सर, ही कड पापुद्रा झालीय. उतारावर फाटली तं टायर बाहेर येल आन् बाई तोंडावर पडतील. दोनी रिंगा बदला."

त्या रात्री मला झोप आली नाही. इतके दिवस ज्या ब्रेकच्या भरवशावर मी जीव मुठीत धरून उतरत होते, तोच ब्रेक माझं चाक खात होता.

हे मुंबईहून दोन नव्या रिंगा घेऊन आले. काकांनी मागचं चाक सोडवलं, चाकातल्या जुन्या तारा नव्या रिंगेत ओवल्या, चाक सरळ केलं. पुढचं दोन दिवसांनी देतो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून पडून उजवा हात मोडून बसले. दिवाळी तोंडावर आलेली. भाऊबीज माझ्या माहेरी मुरबाडला, आणि तिथून दुसऱ्या दिवशी माळशेज घाट चढून ओतूरला नणंदेकडे, हा आमचा दरवर्षीचा बेत. नणंद वाट बघत बसणार, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"एसटीने जाऊ," मी म्हटलं.

"चाक मी बांधतो," हे म्हणाले.

आमच्या घरात ह्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तूंचा इतिहास काही चांगला नाही. मिक्सरचं झाकण एकदा छताला लागून आलं होतं. नळाची चकती बदलली तेव्हा खालच्या बिऱ्हाडाच्या गाद्या भिजल्या होत्या. पण ह्यांचा उत्साह कधी भिजला नाही. ओट्यावर स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक नमुना म्हणून समोर ठेवलं, माझं चाक मांडीवर घेतलं आणि एकेक तार बघून बघून ओवायला बसले. चुकले, पुन्हा उसवलं. मग सायकल उलटी करून रिंगेला खडू लावून चाक फिरवलं. जिथे खडू घासला तिथली तार ढिली करायची, समोरची घट्ट. दुपार सरता सरता चाक डुलायचं थांबलं. दिसायला अगदी गोल, देखणं.

मी जाता जाता तारांवरून बोट फिरवलं. बऱ्याचशा टणटणल्या. दोन भद्द वाजल्या, ढिल्या असल्यासारख्या.

"ह्या दोन वेगळ्या वाजतायत," मी म्हटलं.

"सायकल आहे ती, तंबोरा नाही," हे म्हणाले.

मुरबाडला भाऊबीज झाली. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची, सुट्टी लागल्यापासून आजोळीच. मामाच्या मुलांबरोबर किल्ला करण्यात ती इतकी रमली होती की आत्याकडे यायला साफ नाही म्हणाली. सकाळी निघताना माझ्या आईच्या शेजारी उभी राहून तिने हात हलवला. तिचे आईबाप दोघंही एकाच घाटात चालले होते. आईला म्हटलं, "लक्ष दे गो तिच्याकडे." आई म्हणाली, "दोन दिवसांनी येताय ना? मग असं काय तोंड केलंस?"

सरळगाव, टोकावडे मागे पडलं. शेतांत भाताची कापणी चालली होती. रस्ता सपाट, थंडी छान, आणि मी मात्र हँडलवर वाकून पुढच्या चाकाकडे बघत चाललेली. खड्डा आला की श्वास रोखायचा, पार झाला की सोडायचा. घाट चढताना तर अर्धं अंतर सायकल ढकलतच नेली. तेवढाच जीवाला विसावा. ओतूरला नणंदेने ओवाळलं, पुरणपोळ्या केल्या. मला घास गिळवत नव्हता, कारण चढलेलं सगळं आता उतरायचं होतं.

परतीच्या सकाळी घाटाच्या तोंडाशी आम्ही थांबलो. समोर दरी, धुकं अजून तळाशी साचलेलं. माझे तळवे ओले झाले होते. मी ओढणीला हात पुसत होते तेवढ्यात हे म्हणाले, "आज तू माझी सायकल घे. तुझ्या ब्रेकची रबरं नवीन आहेत, जरा चालवून बसवून देतो."

खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं झालं. मी कारणही विचारलं नाही. झटकन त्यांची सायकल घेतली, सीट खाली करून घेतलं आणि निघाले. त्यांचे ब्रेक कसे धरत होते म्हणून सांगू! नुसतं बोट टेकवलं तरी सायकल ऐकायची. पहिलं वळण मी चक्क मजेत घेतलं.

दुसऱ्या वळणाला एक आवाज कानावर आला. रबर घासल्याचा, बारीक, न थांबणारा चीत्कार. हे एव्हाना माझ्या पुढे गेले होते. आयुष्यात उताराला ब्रेक न लावणारा माणूस ब्रेक दाबून उतरत होता. पाय स्थिर नव्हते, शर्ट फुगला नव्हता, खांदे कानांपर्यंत चढले होते.

तेव्हा मला कळलं, रबरं बिबरं काही नाही.

इतके दिवस मी माझ्या पडण्याला भीत होते. ती भीती मला पाठ होती, तिच्याबरोबर राहायची सवय होती. ही वेगळीच. मागून पुढचं चाक दिसत नाही. दिसते फक्त पाठ. वळणावर ते आडवे झाले की क्षणभर चाक दिसायचं, मग पुन्हा पाठ. मी हाक मारली, "अहो, थांबा! चालत जाऊ!" खालून ट्रक घोंघावत चढत होता, त्यात माझा आवाज विरून गेला. त्यांना गाठायचं तर मला ब्रेक सोडायला हवा होता. मी सोडला. पहिल्यांदा सोडला, तोही अशा उताराला, आणि तोंडाने मुलीचं नाव घेत राहिले.

बोगद्यात ते शिरले आणि अंधारात नाहीसे झाले. आतून खणकन काहीतरी वाजलं. दगड उडाला की तार तुटली, मला कसं कळणार? मी आत शिरले तेव्हा डोळ्यांसमोर नुसता काळोख होता. समोरच्या उजेडाच्या तुकड्यात काही आडवं पडलेलं आहे का, एवढंच मी शोधत होते. बाहेर आले तर ते पुढच्या वळणावर, तसेच वाकलेले, तसेच चीत्कारत चाललेले. मला रडू फुटलं. रडत रडतच उरलेला घाट उतरले.

मोरोशीच्या सपाटीला, वडाच्या सावलीत ते थांबले होते. एक पाय जमिनीला, सायकल दोन पायांत. मी हातातली सायकल तशीच आडवी टाकली आणि धावत गेले. चांगलं फाडफाड बोलायचं ठरवलं होतं. पण ते उतरतच नव्हते.

"हात सुटत नाहीत गं," ते म्हणाले.

दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर आवळलेली, पांढरी पडलेली. मी एकेक बोट धरून उलगडायला लागले. बोटं बर्फासारखी गार होती.

"चाकाची खात्री नव्हती ना तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. नव्हती.

"मग वर का चढवलंत मला त्याच्यावरून?"

"चढाला तू ढकलतच नेतेस. सपाटीला काय होतंय? उतार मीच उतरणार, हे घरूनच ठरवलं होतं."

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?"

त्यांनी सुटलेली बोटं उघडमीट करून पाहिली. मग म्हणाले, "तू मागे होतीस की."

"मागे होते म्हणूनच तर अर्धी मेले मी," मी म्हणाले, आणि त्यांची करंगळी ब्रेकवरून सोडवली.