विमान का पडलं ते आधी सांगा

२०२४ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो. हैदराबादेला नातीच्या लेकीचं बारसं होतं. बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावरनं विमानाची तिकिटं नातीनंच धाडलेली. गावभर सांगून झालतं, मी विमानानं जाणार!

निघायच्या आदल्या दिवशी चहाच्या गाडीवर तंबाखूच्या वखारीतल्या जुन्या सोबत्यानं मोबाईलवर एक जुनी बातमी दाखवली. लाल झेंड्याचं राज्य होतं तेव्हा, परदेशात कुठंतरी, माणसांनी भरलेलं विमान पडलं. का पडलं, सरकारनं सांगितलं न्हाय. पुढं ते राज्यच गेलं, तरी कुणाला पत्ता न्हाय.

"जा आता, अण्णा," तो दात काढून म्हणाला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "ते विमान का पडलं हे कळल्याबिगर मी बसायचा न्हाय."

"अवो, आपल्या लग्नाच्या आधीचं विमान ते!"

"म्हणून काय झालं? कारण नको?"

शिकलेल्या माणसाला असलं सुचत न्हाय. मी तिसरीतनं शाळा सोडलेला.

तिनं वाद घातला न्हाय. सांजच्याला सरळ देवळात नेलं. आमच्यात अडलेल्या गोष्टीला देवाचा कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय.

"इचार," मी गुरवाला म्हटलं, "ते विमान कुणी पाडलं का?"

गुरवानं माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. तिनं मान हलवली. त्यानं गाऱ्हाणं घातलं. पाकळी हलंना.

"मग आपसूक पडलं का, इचार."

तरी हलंना.

"म्हंजे देव बी त्याच सरकारातला!"

गुरव खवळला. "अण्णा, देवाची हद्द गावच्या शिवंपतोर. तिकडचं त्याला कशाला इचारता? हितं बेळगावचा निकाल लागंना अजून!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. पायऱ्या उतरताना म्हणाली, "ऱ्हावा तुम्ही. मी एकटी जाते. पणतीच्या कानात सांगते, तुझा पणजा भ्याला."

"कोण भ्यालं?"

"ते बी गुरवाला इचारू का?"

मी रात्री तिच्याशी बोललो न्हाय. जेवलो मात्र पोटभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन बाहेर आली, तेव्हा मी पटका बांधून गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलतो. काच खाली करून ओरडलो, "आवर गं लवकर! विमान काय तुझ्यासाठी थांबतंय व्हय?"