साडूंचं पिवळं हेल्मेट

मोटारसायकलीवर जिवापाड प्रेम करणारा आणि तरीही जन्मभर स्वतःची मोटारसायकल न घेतलेला माणूस आमच्या थोरल्या साडूंशिवाय अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे ते यजमान. राहायचे करमाडला. शाळेत शिपाई होते, थोडी शेती होती, आणि या दोन्हींतून उरलेला सगळा वेळ ते दुसऱ्यांच्या गाड्या निवडण्यात घालवायचे. करमाडात कुणाला पहिली गाडी घ्यायची असली की औरंगाबादला जाताना त्यांना सोबत न्यायचं, ही रीतच पडली होती. मुलगी बघायला जाताना घरातला एक जाणता माणूस नेतात, तसे हे जायचे. त्यांनी मान डोलावली तर व्यवहार, नाहीतर चहा पिऊन परत. त्यांनी नाही म्हटलेली गाडी कुणी घेतलीच आणि ती पुढे रस्त्यात बंद पडली, तर साडू ती ढकलायलाही जात आणि ढकलताना एक अक्षर बोलत नसत. स्वतः का घेत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "मला काय करायची? गावातल्या निम्म्या गाड्या मीच निवडल्यात. फाट्यावर उभं ऱ्हायलं की कुणीबी बसवून नेतंय."

ते खरंही होतं, फक्त त्यांना बसवून नेण्याला एक अट होती. साडूंकडे एक पिवळंधमक हेल्मेट होतं. हेल्मेट ही वस्तू गावानं अजून नीट पाहिलीही नव्हती, तेव्हा त्यांनी ते शहरातल्या जुन्या बाजारातून आणलं होतं. गाव त्याला भोपळा म्हणायचं. हा भोपळा दंडात अडकवून साडू फाट्यावर उभे राहायचे आणि कुणी गाडी थांबवली की मागे बसण्याआधी तो चालवणाऱ्याच्या डोक्यावर चढवून हनुवटीखाली पट्टा आवळायचे. "हँडल ज्याच्या हातात, हेल्मेट त्याच्या डोक्यात," हा त्यांचा नियम. सरपंच असो नाहीतर शाळेचे हेडमास्तर, सूट नाही. एकदा स्वतःच्या साखरपुड्याला निघालेला एक नवरदेव त्यांना बसवून न्यायला थांबला. त्याचा फेटा उतरवून साडूंनी भोपळा घातला, आणि फेट्याची घडी मोडू नये म्हणून तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मुलीच्या दारात सवाष्णींनी पहिल्यांदा ओवाळलं ते साडूंना, आणि साडूंनीही कुणाचा हिरमोड नको म्हणून मुकाट्यानं ओवाळून घेतलं.

गाडी पाहायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. मालक रंग दाखवत असायचा आणि साडू सरळ जाऊन इंजिनावर तळहात ठेवायचे. इंजिन कोमट लागलं की हात झटकून म्हणायचे, "आमी यायच्या आधीच किका मारून ठिवल्यात. थंड गाडी पयल्या किकला उठती का नाय, ते मला बगायचंय." मग ती गार होईपर्यंत दोन-दोन तास समोरच्या ओट्यावर बसून राहायचे. नंतर धूर बघायचे, चेन बोटानं उचलायचे, आणि शेवटी गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून त्याचे पाय बघायचे. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले नाहीत तर गाडी कितीही चांगली असो, नापास. नवी कोरी गाडी शिकणाऱ्यानं घेणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "पयली गाडी पडायसाठीच असती. जुनी घ्या, हलकी घ्या, अन् उरलेल्यात बूट अन् हेल्मेट घ्या," हे त्यांनी मलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी त्यांच्याकडे शिकायला गेलो तेव्हा वयाची बत्तिशी उलटून गेली होती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कारकून होतो आणि मला मोटारसायकल चालवता येत नव्हती. एरवी याचं काही वाटलं नसतं, पण माझी सासरवाडीही करमाडचीच, साडूंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि सासरे मोठे करारी. एकदा भरल्या पंगतीत ते म्हणाले, "धाकले जावई आमच्या लेकीला लेकरासगट यष्टीच्या दांड्याला लटकवत आणत्यात." पंगत हसली. मी वाढलेला भात गिळला आणि घाईघाईनं बोलून गेलो की येत्या दसऱ्याला स्वतःच्या गाडीवर येतो, मला चालवता येतेच आहे. साडू समोरच जेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटात पुन्हा मान घातली. हात धुताना मात्र शेजारी येऊन हळूच म्हणाले, "आयतवारी आमखास मैदानावर या. फाटके बूट आसले तरी चालतील, चप्पल नको."

मला परवडेल अशी गाडी त्यांनी तीन रविवार हिंडून शोधली. काळी, जुनी, शंभर सीसीची, टाकीवर एक पोचा. पोचा बघून मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "एक हाय तेच बरं. दुसरा तुमी पाडला की आता वाईट वाटणार नाय." मग ते मला शहागंजातल्या एका दुकानात हेल्मेट घ्यायला घेऊन गेले. एकेक हेल्मेट माझ्या डोक्यावर घालायचे, दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे आणि हेल्मेट हलतं की आतलं डोकं हलतं ते बघायचे. आठव्या हेल्मेटापर्यंत दुकानासमोर गर्दी जमली. म्हातारा दुकानदार कळवळून म्हणाला, "अरे भाई, बेचारे की गर्दन हात में आ जायेगी!" गर्दीत आमच्या कारखान्यातले दोघे दिसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात घेतो म्हणून मी साडूंना बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात गेलो खरा, पण त्या रकमेत रेक्झिनचं काळं जाकीट आणि काळा गॉगल घेतला. साडूंना दाखवलं तेव्हा त्यांनी जाकिटाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "झ्याक हाय. डोक्याचं बगू मग." त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, जुन्या गोधडीच्या घड्या शिवून माझ्यासाठी गुडघ्याला बांधायच्या गाद्या पाठवल्या. त्या पँटीच्या आत बांधून मी मैदानावर असा चालायचो की क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत. चार रविवारांत मी सहा वेळा पडलो. दर वेळी साडू आधी मला उठवायचे, मग गाडीला, आणि एकच गोष्ट सांगायचे, "पुढचा ब्रेक घाबरून दाबायचा नाय. भ्या वाटलं की रेस सोडा, ब्रेक नाय."

दसरा आला. बायको मुलीला घेऊन आदल्या दिवशीच गेली होती. सकाळी साडू शहरात आले आणि मला मागे बसवून जालना रोडनं निघाले. भोपळा अर्थातच त्यांच्या डोक्यावर. सासऱ्यांच्या दारात झेंडूचा हार, नारळ, ओवाळायचं ताट असं सगळं तयार असणार, हे मला माहीत होतं, आणि त्या दारात मागच्या सीटवरून उतरायचं या विचारानंच माझा चेहरा पडला असावा. करमाड फाट्यावर मी त्यांना थांबवलं आणि हँडल मागितलं. "अजून दोन आठवडे जाऊ द्या, पाव्हणं," ते म्हणाले. मी म्हणालो, "भाऊ, दोनच मिनिटांचा रस्ता आहे. माझी लाज राखा." साडूंनी इंजिन बंद केलं. मग उतरले, भोपळा काढून माझ्या डोक्यावर घातला, पट्टा आवळला, दुकानात हलवलं होतं तसं एकदा हलवून पाहिलं आणि उघड्या डोक्यानं मागे बसले.

गावात शिरतानाच्या वळणावर कुणीतरी बाजरीची कणसं रस्त्यावर पसरून ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली आयती मळणी व्हावी म्हणून अजूनही पसरतात. सरळ, हळू गेलो असतो तर काही झालं नसतं. मी घाबरलो आणि पुढचा ब्रेक दाबला. पुढे एवढंच आठवतं की मी बाजरीत बसलो होतो, गुडघ्यांना अक्कांच्या गाद्या, डोळ्यांवर गॉगल शाबूत, अंगावर साधा ओरखडाही नाही. आणि साडू नालीच्या कडेला कपाळ धरून बसले होते, बोटांमधून रक्त येत होतं.

वळणापलीकडून माणसं धावत आली, त्यांत सासरेही होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोन चालवीत व्हतं?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण साडू आधी बोलले, "मी. बाजरी दिसलीच नाय मला." मी तोंड मिटलं. सासरे त्यांच्याकडे बघून म्हणाले, "साऱ्या गावाच्या डोक्यावर भोपळा ठिवता, अन् सवताचं टकुरं उघडं?" सगळे हसले. रक्त गळत असताना साडूही हसले. मला वाटतं, मीही हसलो. त्यांना पाच टाके पडले. दुपारी साडू खाटेवर पडले होते, तेव्हा मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "भाऊ, मी सांगतो सगळ्यांना." ते डोळे न उघडता म्हणाले, "आज नको. सणाचा दिस हाय. उद्या सांगा." दुसऱ्या दिवशी कामाचं निमित्त करून मी पहिल्या यष्टीनं शहर गाठलं. तो उद्या उगवायला मी एकोणीस वर्षं लावली. बायकोलाही सांगितलं नाही.

त्या एका 'मी'नं साडूंचं काय झालं, ते मी दर सणाला थोडं थोडं बघत गेलो. पुढल्या खेपेला गावातली दोन पोरं गाडी घ्यायला परस्पर शहरात गेली. "भाऊला नका नेऊ, त्यो सवता पडलाय," असं हसत हसत म्हणायचा प्रघात पडला. मग फाट्यावर भोपळा घालून घ्यायला लोक नकार देऊ लागले. "आधी तुमच्या डोक्यात घाला, भाऊ," असं म्हणून पुढे जायचे. एकदा मी मुलाबाळांसकट गाडीवरून येत होतो, तेव्हापर्यंत मला चालवता येत होती आणि साडूंनी निवडलेली ती गाडी चौदा वर्षं एकाही किकला नाही म्हणाली नाही. फाट्यावर ते उभे दिसले, दंडात हेल्मेट, यष्टीची वाट बघत. मला बघून त्यांनी हात केला. गाडीवर जागा नव्हती हे खरं, पण मी थांबलोही नाही. या गोष्टीची मला त्या दसऱ्याहून जास्त लाज वाटते.

परवा माझ्या मुलीनं गाडी हवी म्हणून धोशा लावला. ती त्या दसऱ्याला कडेवर होती, आता कॉलेजात जाते. स्कूटर नको, मोटारसायकलच पाहिजे, आणि मैत्रिणीच्या गाडीवर शिकून तिचं कच्चं लायसनही आलेलं. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "करमाडला जाऊ. काका निवडून देतील." जाताना दोन नवी हेल्मेटं घेतली. सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत. साडूही आता रिटायर झालेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कपाळावरची रेघ पांढरी पडलीय. गाडी कुणी निवडून मागतंय हे कळायलाच त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग धोतर सावरत, भोपळा दंडात अडकवून उठले. गावातला एक मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता, त्याची गाडी विकायची होती. साडूंनी इंजिनावर तळहात ठेवला आणि तो झटकला. "गरम हाय. दोन तासांनी येऊ."

ते दोन तास आम्ही त्यांच्या घरी बसलो. मुलगी मावशीशेजारी, बायको चुलीपाशी. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अक्का, त्या दसऱ्याला गाडी मी चालवत होतो." साडू गडबडीनं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो, कुठलं काय काढलं." अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"हेल्मेट कुनाच्या डोक्यात व्हतं, पाव्हणं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"मग? मला तवाच कळलं. ह्यांनी जल्मात नियम मोडला नाय. साऱ्या गावाला हेल्मेट घालून दमवलं, पर गावातल्या एकाच्याबी ध्यानात आलं नाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ह्यांनी नको म्हनलं. अन् मी म्हनलं, पाव्हणं सवता बोलतील." शेंगेची टरफलं त्यांनी पदरातून झटकली. "दादा व्हते तंवर बोलला आसता तर बरं झालं आसतं."

दादा म्हणजे माझे सासरे.  बायको चुलीपासून उठून आली, माझ्याकडे बघितलं, आणि अक्कांसमोरच्या शेंगा फोडायला बसली.

दोन तासांनी गाडी पहिल्या किकला उठली. साडूंनी धूर पाहिला, चेन उचलली, मुलीला बसवून तिचे तळवे टेकतात का ते पाहिलं आणि मान डोलावली. तिच्या डोक्यावर नवं हेल्मेट घालून त्यांनी गदागदा हलवलं, तशी ती हसायला लागली. दुसरं मी त्यांच्यापुढे धरलं. "मला कशाला? मी मागं बसनार," ते म्हणाले. मी त्यांच्या डोक्यावर ते घातलं, पट्टा आवळला आणि एकदा हलवून पाहिलं.  "चला काका, फाट्यापर्यंत," मुलगी म्हणाली. जाताना त्यांनी दंडातला भोपळा काढून माझ्या हातात दिला.

मी त्यांच्या मागोमाग फाट्यापर्यंत चालत गेलो. वाटेत पारावरच्या एकानं विचारलं, "भाऊंचा भोपळा तुमच्याकडं कसा?" मी थांबलो आणि त्याला त्या दसऱ्याचं सगळं सांगितलं. त्याला कुठला दसरा तेच आठवेना. पुढे पिठाच्या गिरणीपाशी दुसऱ्यानं तेच विचारलं. त्यालाही पहिल्यापासून सांगितलं.